खान्देशातले हिवाळी पाहुणे आणि कॅमेरा: हतनूर, मेहरूण, नकाणे, तोरणमाळ... सगळ्यांनी इथे लिहा

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. थंडी पडली, भरिताचे बेत सुरू झाले आणि त्याबरोबर फोन पण सुरू झाले, दादा हतनूर धरणावर पाहुणे (हिवाळ्यात बाहेरून येणारे पक्षी) आले का, कोणत्या बाजूने जायचं, कोणती लेन्स लागेल. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो, तुम्ही भर घाला.

सगळ्यात आधी महिना. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो (निसर्गलेखक मारुती चितमपल्ली सरांचा जन्मदिवस ५ चा, पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा १२ चा), तेव्हा सगळे हौसेने निघतात आणि नाराज होऊन परत येतात, कारण तेव्हा धरण भरलेलं असतं, बदकं पार मधोमध, आणि जवळ सापडली तरी नर अजून मादीसारखेच मातकट असतात. पिसं बदलायची बाकी असतात त्यांची. तलवार बदकाचं चॉकलेटी डोकं आणि त्याच्यात मानेवरून वर चढणारी पांढरी रेघ नीट दिसायला डिसेंबर उजाडतो, थापट्या बदकाचं हिरवं डोकं तर त्याच्याही नंतर. तोवर रब्बीचं आवर्तन (शेतीसाठी धरणाचं पाणी) सुटलेलं असतं, पाणी मागे सरकतं, गाळ उघडा पडतो आणि मग शेकाटे, तुतवार, चमचे, चित्रबलाक असे पक्षी काठावर उतरायला लागतात. म्हणून मी सांगतो, बघायला कधीही या पण फोटोसाठी जानेवारी आणि फेब्रुवारीचा अर्धा.

दुसरं म्हणजे काठ. हे कोणी विचारतच नाही, सगळे लेन्स विचारतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी उगवतो आणि तो पूर्वेला नाही, आग्नेयेला उगवतो. सकाळी पाण्याच्या पूर्व-दक्षिण काठावर बसलात तर ऊन पाठीवर आणि पक्ष्याच्या तोंडावर. समोरच्या काठाला बसलात तर कितीही महागडा कॅमेरा असू द्या, काळ्या सावल्याच येतील. संध्याकाळी उलट. आदल्या दिवशी दुपारी एक चक्कर मारून जागा बघून ठेवा.

तिसरं, आणि मला खरं ह्याच्यासाठीच धागा काढायचा होता. ही पाखरं हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे खायला आणि आराम करायला येतात. आपण त्यांच्याकडे चालत जायचं नाही. आपण आधी जाऊन बसायचं, त्यांना यायचं तर येतील. मागच्या हिवाळ्यात काही जण होडी भाड्याने घेऊन सरळ मोठ्या लालसरी बदकांच्या थव्यात घालत होते, थवा उठला की धडाधड बर्स्ट (एका दमात फोटोंची माळ), बसला की परत होडी. सकाळभर तेच. थवा शेवटी उठून दुसऱ्या टोकाला गेला तो गेलाच. मन फार खट्टू झालं भो.

चोपडा_सायन्स
दादा मस्त लिहिलंय. मी कॉलेजला आहे, मामांनी त्यांचा जुना कॅमेरा दिलाय, लेन्स ५५-२५० एमएम. एवढ्यात काही होतं का? सगळे १५०-६०० ची लेन्सच सांगतात आणि ती किंमत ऐकून मी गप्प बसलो.

तापीकाठ (भुसावळ)
होतं रे बाबा, का नाही होणार. हतनूरची बदकं तेवढ्यात येणार नाहीत, त्यांचा नाद सध्या सोड. जळगावच्या मेहरूण तलावावर जा. तिथे सकाळी एवढी माणसं फिरायला येतात की पाखरांना माणसाची सवय आहे, वंचक, खंड्या, वारकरी (काळा पाणपक्षी), पाणकावळे बऱ्यापैकी जवळ राहतात. आणि तलावच कशाला, तुझ्या गावाच्या रस्त्याला तारेवर नीलपंख बसलेला असेल बघ. तो एकाच तारेवर परत परत येतो. खाली झेप घेतो, नाकतोडा नाहीतर विंचू-बिंचू उचलतो, वर येऊन तारेवर दोन-तीनदा आपटतो आणि गिळतो. आपटताना पंख अर्धे उघडतात आणि आतला निळा दिसतो, तो फोटो २५० ला निघतो. गाडीतून उतरायचं मात्र नाही, उतरलास की उडाला.

पांझराकाठ (धुळे)
तुमनं म्हननं एकदम बराबर शे भाऊ. धुळ्याचं मी सांगतो, नकाणे तलाव आणि डेडरगाव दोन्ही गावाला लागून, पेट्रोल फार जळत नाही. लळिंगच्या कुरणात गवत पिवळं पडलं की भोवत्या (शिकारी पक्षी) येतात, गवताच्या टोकांवरून अगदी खालून तरंगत जातात. एकाच पट्ट्यात ये-जा करतात, त्यामुळे पाठलाग न करता बांधाच्या आडोशाला बसलं तर परत येताना डोळ्यासमोरून जातात. गप्पीदास पक्षी पण भरपूर तिथे.

एक गोष्ट मात्र, दहानंतर काळ्या मातीवर हवा हलायला लागते. नांगरलेल्या रानावरून लांबचा फोटो काढला की सगळं पाण्यातून काढल्यासारखं मऊ येतं, लोक म्हणतात लेन्स खराब. लेन्स चांगली असते हो, गरम हवा वर उठते तिच्यामुळे होतं. थंडीतसुद्धा होतं, उलट थंडीतच जमीन आणि हवा यात फरक जास्त. लांबचे शॉट सकाळीच संपवा, नंतर फक्त जवळचे.

सावदेकर_ताई
पांझराकाठ भाऊंच्या मुद्द्याला जोडून, गाडीतून फोटो काढता तेव्हा सुद्धा हेच होतं. बाहेर दहा अंश, आत हीटर लावलेला, काच खाली केली की गरम हवा खिडकीतून बाहेर पडते आणि ती नेमकी लेन्सच्या समोरून. हीटर बंद, सगळ्या काचा खाली, पाच-दहा मिनिटं थांबा मग काढा. स्वेटर दोन घाला. आणि घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नका, थंड काचेवर बाष्प धरतं, अर्धा-पाऊण तास बॅग बंदच राहू द्या. कार्ड आधीच काढून घ्या म्हणजे फोटो बघायची तळमळ भागते. बॅटरी थंडीत लवकर बसते, जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

ट्रायपॉडपेक्षा मी कापडी पिशवी नेते, आत दादर (ज्वारी) भरलेली, दोन-अडीच किलो. गाडीच्या खिडकीवर टाका नाहीतर जमिनीवर, लेन्स तिच्यात बसते आणि हलत नाही. जमिनीवर झोपून काढायला हीच बरी. बदकाच्या डोळ्याच्या पातळीला कॅमेरा आला की फोटो एकदम वेगळाच दिसतो, मागचं पाणी सपाट पुसट होतं आणि पक्षी सुटून दिसतो. उभं राहून काढलेला आणि झोपून काढलेला शेजारी ठेवून बघा एकदा.

रॉयल_क्लिक्स_जळगाव
सगळं बरोबर आहे, पण तापीकाठ दादा, थवा उठल्याशिवाय फ्लाइट शॉट मिळणार कसा? पाण्यावर बसलेली बदकं कोण बघतं. होडी नको तर काठावरून दोन टाळ्या वाजवल्या तर काय बिघडतं, पाच मिनिटांत परत बसतात की. आम्ही काही शिकार करत नाही. उलट आमचे फोटो बघूनच लोकांना कळतं की हतनूरला एवढे पक्षी येतात.

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, फोटोमुळे लोकांना कळतं हे शंभर टक्के मान्य. हतनूर महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून यादीत आहे, ते वर्षानुवर्षं तिथे जाऊन नोंदी करणाऱ्या, फोटो काढणाऱ्या लोकांमुळेच. पण टाळीचं मान्य नाही, आणि का ते सांगतो.

बरीचशी बदकं रात्री चरतात. दिवसा पाण्यावर शांत दिसतात तेव्हा चोच पाठीच्या पिसात खुपसून झोपलेली असतात. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) तर रात्री हरभऱ्यात, गव्हात चरून पहाटे पाण्यावर परततात. दिवसा त्यांना उठवलं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दर तासाला हलवून जागं करण्यासारखं आहे. आणि उडण्यात सगळ्यात जास्त ताकद लागते ती उठताना. मार्चमध्ये ह्याच पाखरांना परत हिमालय ओलांडायचाय, पट्टकादंब सात हजार मीटरच्या वरून उडाल्याच्या नोंदी आहेत, ती चरबी इथल्या दाण्यावर आणि पाणवनस्पतीवर तयार होते. तुम्ही एक टाळी वाजवली, तुमच्या आधी एकाने, नंतर अजून चार जणांनी. रविवारी काठावर किती कॅमेरे असतात बघता ना.

आता फ्लाइट शॉट. तो न उठवता मिळतो आणि चांगला मिळतो. टाळीने उठलेला थवा नेहमी तुमच्यापासून लांब जातो, म्हणजे फोटोत शेपट्या येतात. स्वतःहून येणारा थवा तुमच्याकडे तोंड करून येतो. पहाटे उजाडायच्या आत काठावर जाऊन बसा, पट्टकादंब शेताकडून आवाज करत येतात, तो आवाज आधी ऐकू येतो आणि मग रांग दिसते. उतरताना पाय खाली सोडतात, पंख आडवे धरून वेग मारतात, कधी कधी अंग पार तिरकं करतात. संध्याकाळी सूर्य टेकल्यावर बदकं चरायला निघतात. मधल्या वेळात दलदली भोवत्या आला की अख्खा थवा आपोआप उठतो, ते त्यांचं रोजचंच आहे, तेव्हा काढा हवे तेवढे.

सातपुडा_भटक्या
+१ तापीकाठ. मी एक खूण सांगतो. बदकांनी माना सरळ वर केल्या, ठरवून एका दिशेने पोहायला लागली, वारकरी एकमेकांना चिकटून गोळा झाले, की समजायचं आपण जास्त जवळ आलो. तिथेच थांबा नाहीतर दोन पावलं मागे या, परत चोची पाण्यात गेल्या की ठीक. टिटवी ओरडायला लागली तर सगळ्या तलावाला खबर गेली, मग गप बसून राहायचं, ती थांबेपर्यंत हलायचं नाही.

होडीबद्दल. भोई दादा पहाटे जाळी उचलायला जातात त्या होडीला बदकं एवढी बुजत नाहीत, कारण ती रोजच्या रस्त्याने सरळ जाते आणि सरळ येते. बुजतात ती त्यांच्याकडे वळणाऱ्या होडीला.

रॉयल_क्लिक्स_जळगाव
हे रात्री चरतात ते खरंच माहीत नव्हतं. बरं, मग उजाडायच्या वेळेला सेटिंग काय ठेवायचं, अंधार असतो, शटर पडतो, सगळं हलतं. ताई सांगा जरा.

सावदेकर_ताई
सांगते. उडणाऱ्यासाठी शटर १/२००० सेकंदापेक्षा सावकाश ठेवायचं नाही असं सगळे सांगतात, पण सव्वासातला तेवढा प्रकाशच नसतो. हंस, करकोचे, बलाक हे मोठे पक्षी, पंख सावकाश मारतात, त्यांना १/१००० पुरतं. लहान बदकं वेगवान, त्यांना खरंच १/२००० लागतो, म्हणून ती आठनंतर. अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) लेन्सचं असेल तेवढं उघडं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) ऑटोवर सोडा आणि घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला सुधारता येत नाही.

एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) तेवढं हाताने बघा. पाण्यावर धुकं असतं तेव्हा कॅमेरा त्या पांढऱ्याला फसतो आणि फोटो राखाडी काढतो, अर्धा ते एक स्टॉप प्लस करा. बगळा उन्हात असेल तर उलट, मायनस, नाहीतर पिसं जळून पांढरा कागद होतो. आकाशात उडणारा पक्षी परत प्लस, नाहीतर पोट काळं. फोकस कंटिन्युअसवर आणि शक्य असेल तर मागच्या बटणावर घ्या. रॉ मध्ये काढा.

धुक्याचा एक फायदा आहे बरं का, मागचे विजेचे खांब, जलपर्णी, काठावरचे ट्रॅक्टर सगळं झाकलं जातं. चांगदेवच्या बाजूला तापी-पूर्णेच्या संगमावर धुक्यात चित्रबलाक उभे असतात तेव्हा लांबून, पक्षी छोटा ठेवून, सगळं पाणी फ्रेममध्ये घेऊन काढा. प्रत्येक वेळी डोळा-चोच भरून क्लोजअपच हवा असं काही नाही.

शहाद्याची_पोर
मी नंदुरबार जिल्ह्यातून. तोरणमाळला सगळे यशवंत तलावाचे फोटो काढतात आणि परत जातात, पण आजूबाजूच्या जंगलात सकाळी फिरा, माशीमार, धोबी असे पक्षी, हिवाळ्यात बरंच काही असतं. हजार मीटरच्या वर आहे, थंडी कडक असते, हातमोजे लागतात.

आणि हात जोडून सांगायचंय ते रानपिंगळ्याबद्दल, म्हणजे जंगलातल्या छोट्या घुबडाबद्दल. आपल्या भागाचं हे वैभव आहे. १८८४ नंतर त्याचा खरा नमुनाच कोणाला मिळाला नव्हता. १९१४ चा म्हणून एक दाखवत होते, तो मेनर्ट्झहागेन नावाच्या साहेबाने जुना चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. सगळ्यांनी पक्षी संपला असं धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे पक्षी-अभ्यासक आमच्या शहाद्याजवळ आले आणि त्यांना तो पानगळ झालेल्या झाडावर भर सकाळी बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

तो दिवसा फिरतो, उघड्या फांदीवर बसतो, सरडे-पाली पकडतो, त्यामुळे फोटोला सोपा वाटतो. तिथेच घोटाळा होतो. काही लोक मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावतात. त्याची वीण ऑक्टोबर ते मे, म्हणजे अख्खा हिवाळा घरट्याचा. नर मादीला आणि पिल्लांना खायला आणून देत असतो. आवाज ऐकला की त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो शिकार सोडून धावत येतो, अंग फुगवतो, शेपूट झटकत बसतो, तुम्ही फोटो काढता आणि म्हणता काय पोज दिली. तो पोज देत नाहीये हो, तो हैराण झालेला असतो. ढोलीच्या समोर तर उभंच राहू नका.

चोपडा_सायन्स
ताई हे वाचून अंगावर काटा आला. साधा पिंगळा आणि रानपिंगळा ओळखायचा कसा? आमच्या वाडीत चिंचेवर पिंगळे आहेत.

शहाद्याची_पोर
चिंचेवरचे साधे ठिपकेवाले पिंगळे असणार. त्यांच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, ठिपके असले तरी अगदी फिके, डोकं मोठं, पोट खालून स्वच्छ पांढरं, आणि पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले. गावात नाही येत तो, सागाच्या विरळ जंगलात राहतो.

भटकंती_एमएच१९
ताई लोकेशन पिन मिळेल का? पर्सनलवर टाका, कोणाला देणार नाही.

शहाद्याची_पोर
नाही दादा. पर्सनलवर पण नाही, राग मानू नका. यावल अभयारण्यात किंवा इकडे कुठेही जायचं तर वनखात्याची रीतसर परवानगी काढा, सोबत स्थानिक वाटाड्या घ्या, पाड्यावरच्या पोरांना जंगल पाठ आहे आणि त्यांना चार पैसेही मिळतात. दिसला तर लांबून दोन-चार फोटो काढा आणि निघा. टाकताना फक्त "सातपुडा" लिहा. मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप नोंदवली जाते, ते सेटिंग आधी बंद करा.

सातपुडा_भटक्या
ताईंना पाठिंबा. मात्र एका बाबतीत जागा, तारीख, वेळ आवर्जून नोंदवा: पायात कडं किंवा मानेत पट्टा असलेला पक्षी दिसला तर. मंगोलियात पट्टे घातलेले पट्टकादंब महाराष्ट्रात सापडलेत. पट्ट्यावरचा नंबर वाचता येईल असा फोटो काढा, फोकस तिथे, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. असा फोटो कितीही धूसर असला तरी मोलाचा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात तुमच्या तलावाची मोजणी करा, थव्याचा रुंद फोटो काढून घरी स्क्रीनवर मोजता येतो.

केळी_दादर_हरभरा (रावेर)
मी शेतकरी, कॅमेरा नाही माझ्याकडे. धागा वाचला, चांगलं लिहिताय. आमची पण बाजू ऐका.

धरणाचं पाणी हटलं की आम्ही गाळपेरा करतो. तुम्हाला तो रिकामा काठ दिसतो पण तिथे हरभरा उगवलेला असतो, चार बोटांचा, दहिवराने भिजलेला, आणि त्याच्यातून बूट घालून चार जण गेले की ती ओळ गेली. कोणी विचारत नाही. विचारलं तर आम्ही नाही म्हणत नाही, उलट कुठून पाखरं उतरतात ते आम्हालाच माहीत. माझ्या बांधावर पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग आहे, त्याच्या मागे एक पोरगा येऊन बसायचा, पाखरं त्याला बघत पण नव्हती.

भोरड्यांचं (गुलाबी मैनांचं) कोणी लिहिलंच नाही. दादर निसवली की त्यांचे थवे येतात, आम्ही गोफण घेऊन मचाणावर. राग येतो, खोटं नाही बोलत, पण संध्याकाळी त्या झोपायला जायच्या आधी आभाळात गोळा होतात आणि वळतात ते बघत मी पण उभा राहतो. नाकतोडे पण त्याच खातात, तेवढं त्यांच्या नावावर जमा धरतो.

पांझराकाठ (धुळे)
आप्पा तुमचा मुद्दा एक नंबर. भोरडीच्या रंगाचं सांगतो, थंडीत तिच्या पिसांची टोकं मातकट असतात, ती झिजत जातात आणि खालचा गुलाबी उघडा पडतो. मार्चमध्ये निघायच्या आधी पळसाच्या फुलांवर भोरड्या जमतात तेव्हा रंग सगळ्यात भारी असतो.

रॉयल_क्लिक्स_जळगाव
आप्पा, आमच्या ग्रुपमध्ये तुमची पोस्ट टाकतोय. रविवारी सहा जण येणार होतो, आता दोन-दोन करून वेगवेगळ्या दिवशी येतो, होडी नाही.

चोपडा_सायन्स
आप्पा, मला भोरड्यांचा संध्याकाळचा थवा काढायचाय. त्याला २५० चालेल ना ताई? आणि तुमच्या बांधावर बसलो तर चालेल का?

सावदेकर_ताई
२५० काय, १८-५५ पण चालेल. थवा आभाळभर असतो, खाली दादरची कणसं आणि झाडांची रेघ घे म्हणजे केवढा आहे ते कळतं. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांब, आकाश उजळ असतं आणि पाखरं काळी उठून दिसतात. शटर १/५०० पुरे.

केळी_दादर_हरभरा (रावेर)
ये की. साडेचारच्या आत ये. मोटरसायकल रस्त्यावर लाव, विहिरीकडच्या बांधाने आत ये, मधून नको. त्या वेळी मोटर चालू असते, बारं (पिकाला पाणी) दिलेलं असतं, चिखल आहे, साधी चप्पल घालून ये. कुत्रा भुंकतो पण चावत नाही. फोन कर निघताना, मी मचाणावरच असतो.